पाऊस मुबलक, पाणी मोजके : तुवालूच्या घराघरांतील टाकीची गोष्ट

पाणीटंचाई म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर भेगाळलेली जमीन, तळ गाठलेली विहीर आणि टँकरमागे धावणाऱ्या बायका येतात. पाऊस कमी, म्हणून पाणी कमी, असा आपला साधा हिशेब असतो. पण जगात असाही एक देश आहे, जिथे वर्षाकाठी आपल्या कोकणाच्या तोडीचा पाऊस पडतो, चारही बाजूंना पाणीच पाणी आहे, आणि तरीही घरातल्या बाईला टाकीत किती पाणी उरले याचा घोर लागलेला असतो. त्या देशाचे नाव तुवालू.

तिथल्या कुटुंबांनी पाण्याची अडचण कशी सोसली आणि तिच्यातून कसा मार्ग काढला, हे समजून घेणे आपल्यालाही उपयोगाचे आहे. कारण नळाच्या रांगेत उभे राहण्याचा आणि पिंपातले पाणी पुरवून पुरवून वापरण्याचा अनुभव आपल्या वाचक भगिनींना काही नवा नाही.

नऊ बेटांचा चिमुकला देश

ऑस्ट्रेलिया आणि हवाई बेटे यांच्या साधारण मध्यावर, प्रशांत महासागरात तुवालूची नऊ बेटे पसरली आहेत. सगळ्या बेटांची जमीन एकत्र केली तरी ती अवघी २६ चौरस किलोमीटर भरते. लोकसंख्या सुमारे ११ हजार, आणि त्यातले निम्म्याहून अधिक लोक फुनाफुती या राजधानीच्या बेटावर राहतात. पूर्वी ही बेटे इंग्रजांच्या ताब्यात होती; १९७८ साली देश स्वतंत्र झाला. ‘तुवालू’ या शब्दाचा अर्थ आहे ‘एकत्र उभे असलेले आठ’. पूर्वापार वस्ती असलेली बेटे आठच होती, त्यावरून हे नाव पडले.

ही बेटे पोवळ्यांची, म्हणजे प्रवाळाची आहेत. डोंगर नाही, टेकडी नाही. जमिनीचा सर्वांत उंच भागही समुद्रापासून जेमतेम चार-पाच मीटर उंच. डोंगर नाही म्हणून नदी नाही, ओढा नाही, धरण बांधावे अशी दरीही नाही. फुनाफुतीची मुख्य वस्ती ज्या फोंगाफाले बेटावर आहे, ते तर काही ठिकाणी इतके अरुंद आहे की रस्त्यावर उभे राहिले म्हणजे दोन्ही बाजूंना समुद्र दिसतो.

विहीर का चालत नाही?

कोणी म्हणेल, मग विहिरी खणाव्यात. पूर्वी लोक तेच करीत. अशा बेटांवर पडलेला पाऊस सच्छिद्र प्रवाळातून खाली झिरपतो आणि खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके, म्हणून दुधावरच्या सायीसारखा त्याचा थर वर राहतो. बेट रुंद असेल तर हा थर जाड असतो, बेट अरुंद असेल तर पातळ. जास्त उपसा केला की खालचे खारे पाणी वर येते आणि विहीर बिघडते.

याच थरापर्यंत खड्डे खणून तुवालूचे लोक ‘पुलाका’ नावाचा अळूच्या जातीचा मोठा कंद लावतात. तो त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा आहार. पण समुद्राचे पाणी आत शिरले की हे खड्डे खारट होतात आणि कंद कुजतो. मार्च २०१५ मध्ये ‘पॅम’ वादळाच्या लाटा नुई या बेटावर चढल्या, तेव्हा तिथल्या शेतीची अशीच नासाडी झाली.

फुनाफुतीवर आणखी एक कारण घडले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने तिथे विमानांसाठी धावपट्टी केली. बेटाच्या सर्वांत रुंद भागातली माडांची आणि पुलाकाची जमीन तिच्याखाली गेली, आणि भरावासाठी जागोजागी मोठे खड्डे खणले गेले. पुढे वस्ती वाढली, घराघराला संडास आले. त्यांच्या टाक्यांतील घाण सच्छिद्र जमिनीत झिरपली आणि खालचे पाणी पिण्यालायक उरले नाही. आज तिथल्या कुटुंबाचा मुख्य भरवसा एकाच गोष्टीवर आहे : घराच्या पत्र्यावर पडणारा पाऊस आणि घराशेजारची टाकी.

दोन बादल्यांचे दिवस

हा भरवसा किती कच्चा आहे, ते २०११ साली दिसून आले. प्रशांत महासागरात काही वर्षे ‘ला नीना’ नावाची स्थिती निर्माण होते. समुद्राच्या मधल्या भागाचे पाणी नेहमीपेक्षा थंड होते, ढग पश्चिमेकडे सरकतात आणि तुवालूसारख्या बेटांवर पाऊस ओढ देतो. २०१० च्या अखेरीपासून तसेच झाले. महिने लोटले तरी नेहमीसारखा पाऊस येईना. टाक्या खाली गेल्या. नुकुलाएलाए या लहान बेटावर पिण्याचे पाणी संपत आले. अखेर सप्टेंबर २०११ च्या शेवटी सरकारने आणीबाणी जाहीर केली. शेजारच्या टोकेलाऊ बेटांवरही तीच पाळी आली.

फुनाफुतीत घरटी रोज दोन बादल्या पाणी मिळू लागले. दोन बादल्या म्हणजे ४० लिटर, आपल्याकडचे साधारण तीन हंडे. त्यातच पिणे, रांधणे, भांडी, अंग पुसणे, लहान मुलांचे कपडे. घरात सहा माणसे असतील तर माणशी सात लिटरसुद्धा येत नाही. माणसाला रोज ५० ते १०० लिटर पाणी हवे, असे संयुक्त राष्ट्रसंघ सांगतो. लोक समुद्रात आंघोळ करू लागले. विहिरींचे पाणी पिऊ नये, अशी सूचना द्यावी लागली.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला न्यूझीलंडच्या हवाई दलाच्या विमानाने समुद्राचे पाणी गोडे करणारी यंत्रे आणि रेडक्रॉसचे कार्यकर्ते फुनाफुतीला पोहोचले. त्या यंत्रांनी वेळ निभावली. मात्र अशा यंत्रांना सतत वीज लागते. दूरच्या बेटावर तेल, सुटे भाग आणि ते बसवणारा कारागीर, सगळेच बाहेरून आणावे लागते. म्हणून यंत्र हे अडीअडचणीचे साधन झाले. रोजचे पाणी द्यायचे ते छपरानेच.

छपराचा हिशेब

छपरावरून किती पाणी मिळते, याचा हिशेब अगदी सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. दहा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद पत्रा धरला, तर एक मिलिमीटर पावसात ६० लिटर पाणी मिळेल. फुनाफुतीवर वर्षाला सरासरी साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे त्या एका पत्र्यावर वर्षभरात दोन लाख दहा हजार लिटर पाणी पडते. त्यातले पाचवा हिस्सा सांडले, उडाले असे धरले, तरी रोजचे ४६० लिटर पदरात पडतात. सहा माणसांना हे पाणी चांगले पुरेसे आहे.

मग घोडे अडते कुठे? पहिली अडचण पन्हळीची. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने पत्रा गंजतो, पन्हळ सडते, तिचे सांधे सुटतात. पुष्कळ घरांत छपराच्या एकाच बाजूला पन्हळ असते. तिथे निम्मे पाणी पागोळ्यांनी जमिनीवर सांडून जाते. धो धो पाऊस पडत असतो आणि टाकीत बोटभर धार जात असते. पन्हळ नीट करायला फारसा खर्च येत नाही, पण ते काम नेमके पाऊस चांगला पडत असताना कोणाला सुचत नाही.

दुसरी अडचण साठवणुकीची. ऑस्ट्रेलिया आणि युरोपीय संघ यांच्या मदतीने तिथल्या अनेक घरांना दहा हजार लिटरच्या प्लास्टिकच्या टाक्या मिळाल्या. दहा हजार लिटर ऐकायला पुष्कळ वाटते. पण रोज ४६० लिटर वापरले तर ती टाकी तीन आठवड्यांत रिकामी होते. रोज १५० लिटरवर भागवले तर दोन महिन्यांहून थोडी अधिक चालते. आणि दोन बादल्यांवर आले तर तीच टाकी २५० दिवस पुरते. टाकी तीच, पाणी तेच. फरक पडतो तो केवळ हात आखडता घ्यायला कधी सुरुवात केली यामुळे.

तुवालूच्या अनुभवाचा खरा बोध इथे आहे. टाकी तळाला गेल्यावर केलेली काटकसर फार उशिरा होते. पाऊस आठ-पंधरा दिवस लांबला, टाकी अजून निम्म्याच्या वर आहे, त्याच वेळी घराने आपले माप ठरवले पाहिजे. टाकीवर बाहेरून खुणा करून ठेवाव्यात : इथपर्यंत पाणी असेल तर रोजचा वापर, त्याखाली गेले तर कपडे-आंघोळीला कात्री, आणि शेवटच्या खुणेखाली केवळ पिणे आणि रांधणे. अशी खूण लहान मुलालाही समजते, आणि घरात पाण्यावरून भांडणेही होत नाहीत.

कोणत्या कामाला कोणते पाणी?

सगळ्या कामांना पिण्याचे पाणी लागत नाही. तुवालूत समुद्र दारात असल्यामुळे अंग धुणे समुद्रात आणि शेवटी एक-दोन तांबे गोडे पाणी, असे भागवता येते. भांड्यांची पहिली धुणावळ समुद्राच्या पाण्याने होऊ शकते. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून कपड्यांना मात्र गोडेच पाणी लागते. पण कपडे खळबळलेले पाणी झाडांना किंवा संडासाला चालते. विहिरीचे मचूळ पाणी डुकरांची जागा धुवायला उपयोगी पडते.

सर्वांत अधिक पाणी गिळतो तो पाण्याचा संडास. घरातल्या वापरापैकी मोठा वाटा त्यातच वाहून जातो, आणि वर तेच घाण पाणी जमिनीतला गोडा थर नासवते. म्हणून फुनाफुतीत काही घरी बिनपाण्याचे संडास बांधून पाहण्यात आले. त्यांना तिथे ‘फालेवातिए’ म्हणतात. विष्ठेवर पालापाचोळा, भुसा टाकतात. एक कप्पा भरला की तो बंद करून दुसरा वापरायला घेतात. बंद कप्प्यातील मैल्याची महिनोन्‌महिने राहून माती होते आणि ती झाडांना घालता येते. आपल्या वाचकांच्या मनात इथे एक रास्त शंका येईल. तर त्यात ओला मैला कोणाला उचलावा लागत नाही, आणि हे काम कोणा एका वर्गाच्या गळ्यातही बांधलेले नाही. ज्याचा संडास, त्यानेच त्याची निगा राखायची. सुरुवातीला दुर्गंधी येईल म्हणून लोकांनी नाके मुरडली. प्रत्यक्ष वापरल्यावर त्यांचे मत बदलले.

साठवलेले पाणी राखायचे कसे?

साठवलेले पाणी बेफिकिरीने ठेवले तर तेच रोगाचे घर होते. त्यासाठी काही साध्या गोष्टी कोणत्याही घरी पाळता येतील :

चार-सहा दिवसांच्या उघडिपीनंतर पडलेल्या पावसाचे पहिले पाणी टाकीत घेऊ नये. त्यात पक्ष्यांची विष्ठा, धूळ आणि पाने असतात. पत्रा धुऊन निघाल्यावर नळी टाकीकडे वळवावी.

टाकीच्या तोंडाला बारीक जाळी आणि घट्ट झाकण असावे. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत त्यांचे डास होतात.

पाण्यात हात किंवा पेला बुडवू नये. तोटी असेल तर तोटीने, नाहीतर लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी काढावे.

शंका असेल तर पाणी गाळून उकळावे. खळखळ उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट ते चुलीवर राहू द्यावे.

टाकी कोणाची?

एवढे सगळे केले तरी एक प्रश्न उरतोच. पाणी छपरावर पडते, म्हणजे ज्याचे छप्पर मोठे त्याचे पाणी अधिक. दूरच्या बेटांवरून रोजगारासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी फुनाफुतीला आलेली कुटुंबे नातेवाइकांच्या जागेत लहान घरे करून राहतात. एका छोट्या पत्र्याखाली माणसे जास्त, पन्हळ अर्धी आणि टाकी एखादीच. अशा घरात पाणी आधी संपते आणि ते आणण्याची धावपळ बहुधा बाईच्या आणि मुलींच्या वाट्याला येते.

‘घरटी दोन बादल्या’ हा नियम वरवर समान दिसतो. पण चार माणसांच्या घरात त्याचे माणशी दहा लिटर होतात आणि दहा माणसांच्या घरात चार. टंचाईत वाटप करायचे तर ते दारे मोजून नव्हे, माणसे मोजून व्हायला हवे. लहान मूल, बाळंतीण, आजारी माणूस असलेल्या घराचे माप वेगळे धरायला हवे.

म्हणूनच तिथे घरच्या टाकीइतकेच महत्त्व सार्वजनिक हौदांना आहे. सभागृहे आणि चर्च यांच्या मोठ्या छपरांचे पाणी मोठ्या हौदांत साठवतात, आणि दुष्काळात त्याचे वाटप बेटाची पंचायत, म्हणजे ‘काउपुले’, पाहते. हा हौद कोणा एकाच्या छपराचा नसतो. ज्याच्या घरी पत्रा नाही, त्याचाही त्यावर तेवढाच हक्क असतो. टाकी देणे हे मदतीचे काम झाले. पण टाकी, पन्हळ आणि हौद वर्षभर नीट राखणे व आणीबाणी येण्याआधीच माणशी माप ठरवून ठेवणे, हे काम बेटावरच्या लोकांनाच करावे लागते.

समुद्राची पातळी वाढत आहे आणि तुवालूच्या जमिनीतला गोडा थर पुढे आणखी धोक्यात येणार आहे. जगातली हवा बिघडवण्यात या चिमुकल्या देशाचा वाटा जवळजवळ नाहीच. तरी त्याचे फळ त्याला आधी भोगावे लागत आहे. ती लढाई मोठ्या देशांच्या दाराशी लढावी लागेल, आणि तुवालूचे प्रतिनिधी ती जगाच्या सभांमधून लढत आहेतच. तोवर पुढची कोरड येण्याआधी पन्हळीचा सुटलेला सांधा जोडणे, टाकीवर खूण करणे आणि शेजारच्या घरात माणसे किती याची नोंद ठेवणे, एवढे प्रत्येक घराच्या हाती आहे.