एकाच सुरमईची चार कालवणे

'करी' हा शब्द आपल्या स्वयंपाकघरात रुळला नाही, ते बरेच झाले. भातात कालवायचे ते कालवण, इतका सरळ हिशेब आपला. तमिळ 'करी' साहेबाने उचलली. १७४७ साली हॅना ग्लास या इंग्रज बाईंच्या पाकपुस्तकात तिची कृतीही छापून आली. पुढे साऱ्या उपखंडाच्या रश्शांना जगात तेच एक नाव चिकटले.

द्रोणागिरीतल्या एका सोसायटीच्या गच्चीवर मी जेवलो, तिथे या नावाचा तोकडेपणा जिभेलाच कळला. भात सामाईक, करंजा बंदरावरून आणलेली सुरमईही सामाईक. कालवण मात्र ज्याचे त्याने करायचे. मल्याळी घरातून नारळाच्या दुधात कुडंपुळी आली. कुडंपुळी म्हणजे आपल्या कोकमाची चुलत बहीण. सावंतवाडीकरांनी तिरफळे टाकली होती. बंगाली वहिनींनी समुद्राच्या माशाला जरा नाक मुरडून का होईना, वाटलेल्या मोहरीत शिजवले. आणि शेजारच्या गावातल्या आगरी आजींचे कालवण लालभडक: चिंच, लसूण, घरी कुटलेला मसाला, सोबत तांदळाची भाकरी. माझे मत विचाराल तर पहिला नंबर त्यांचाच.

कौतुक ऐकून आजी म्हणाल्या, "सुरमई काय, पैसे टाकले की मिळते. निवटे आणा बघू!"

निवटे म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारे मासे. ओहोटीला चिखलात उतरायचे आणि बिळात हात घालून पकडायचे. चिंबोऱ्यांचेही तसेच. भात शेतातला, मीठ आगरातले, कालवण खाडीतले. बाजारात जायचे ते मिरची-मसाल्यापुरते. १९७० पासून नव्या मुंबईसाठी इथल्या जमिनी गेल्या. रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच जण प्राणाला मुकले. त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. १९८९ मध्ये बंदर सुरू झाले, २०२४ च्या जानेवारीत लोकलही आली. खाडीच्या चिखलाचा मोबदला मात्र कुठल्या सातबाऱ्यावर मागायचा? तो कुणा एकाच्या नावावर नव्हताच.

मल्याळी शेजारणीने कागद-पेन्सिल काढून निवट्यांची कृती विचारली. आजी तपशिलाने सांगू लागल्या, "आधी राखेत घोळवायचे, नाहीतर हातातून निसटतात..."