लॅपटॉपचा सातबारा

लॅपटॉपच्या पडद्यावर एक दिवस उभी रेघ उमटते आणि घरात बिलाची शोधाशोध सुरू होते. कपाटातली फाइल, खोक्याचा तळ, जुन्या पाकिटातला कप्पा. बिल सापडलं तरी ते कोरं झालेलं असू शकतं. पुष्कळ दुकानांतली बिलं शाईने नव्हे, तर उष्णतेने काळ्या पडणाऱ्या थर्मल कागदावर छापलेली असतात. प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेली अशी बिलंसुद्धा वर्ष-दोन वर्षांत पुसट होतात. मग ‘बिल नाही म्हणजे वॉरंटी गेली’ असं धरून लोक दुरुस्तीचे हजारो रुपये स्वतःच्या खिशातून भरतात. बऱ्याचदा ते भरायची गरज नसते, कारण खरेदीची नोंद एकट्या बिलावर नसते.

प्रत्येक लॅपटॉपला एक सीरियल नंबर असतो. जमिनीचा जसा सातबारा, तसा लॅपटॉपचा हा क्रमांक: वस्तू कोणती, कुठून आली, तिच्यावर कोणती वॉरंटी चढली आहे, हे सगळं कंपनीच्या दप्तरात या एका क्रमांकाखाली लिहिलेलं असतं. तो लॅपटॉपच्या पाठीवर छापलेला असतो. डेलच्या लॅपटॉपवर त्याला सर्व्हिस टॅग म्हणतात. त्यात सात अक्षरं-आकडे असतात. एसरवर लांबलचक सीरियल नंबराशेजारी ‘एसएनआयडी’ नावाचा फक्त आकड्यांचा छोटा क्रमांक असतो आणि चौकशीला तोही चालतो. पाठीवरचा छाप झिजला असेल तर लॅपटॉप सुरू होतानाच्या बायोस पडद्यावर पाहावं. लेनोवो व्हँटेज, मायआसूस यांसारख्या कंपनीच्या अ‍ॅपमध्येही तो दिसतो. मॅकबुक असेल तर कोपऱ्यातल्या सफरचंदावर टिचकी मारून ‘अबाउट धिस मॅक’ उघडावं. लॅपटॉप सुरूच होत नसेल तर खोक्यावरचा बारकोड उपयोगी पडतो, आणि मॅकचा क्रमांक त्याच अ‍ॅपल खात्याने लॉग-इन केलेल्या फोनवरच्या उपकरणांच्या यादीत मिळतो. एक सावधगिरी मात्र हवी. मदरबोर्ड कधी बदलला असेल तर बायोसमधला क्रमांक रिकामा किंवा वेगळा निघू शकतो. अशा वेळी पाठीवरचा छाप प्रमाण मानावा.

हा क्रमांक कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर ‘वॉरंटी तपासा’ या पानावर टाकला की वॉरंटी कधी सुरू झाली आणि कधी संपणार, ते समोर येतं. लॉग-इनची गरज सहसा पडत नाही. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण समोर आलेली तारीख खरेदीचीच असेल असं नाही.

लॅपटॉपला तीन वाढदिवस असतात. कारखान्यात तयार झाल्याचा, कंपनीच्या गोदामातून निघाल्याचा आणि गिऱ्हाइकाच्या हातात पडल्याचा. न्यायाने वॉरंटी तिसऱ्या दिवसापासून मोजायला हवी. पण तो दिवस कंपनीला कोणी कळवलाच नाही, तर तिच्याकडे पहिल्या दोन तारखाच उरतात आणि ती त्यांवरून अंदाज बांधते. डेलच्या संकेतस्थळावर दिसणारी शिप डेट म्हणजे माल पाठवल्याची तारीख. लॅपटॉप दुकानाच्या फळीवर चार महिने पडून राहिला असेल, तर गिऱ्हाइकाची चार महिन्यांची वॉरंटी त्याने खोकं उघडण्याआधीच खर्ची पडलेली असते. मला या साऱ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. बिल शोधायचं ते वॉरंटी ‘मिळवण्यासाठी’ नाही, ती आधीच मिळालेली आहे. बिल शोधायचं ते हे बुडालेले महिने परत घेण्यासाठी.

निर्मितीचा काळ कधीकधी क्रमांकातच दडलेला असतो. एचपीच्या नेहमीच्या दहा अक्षरी क्रमांकात चौथं अक्षर वर्षाचा शेवटचा आकडा असतं आणि पुढची दोन आठवड्याची. तिथे २३४ असेल तर तो लॅपटॉप २०२२ च्या चौतिसाव्या आठवड्यातला, म्हणजे ऑगस्टअखेरचा. आसूसच्या क्रमांकात पहिलं अक्षर वर्ष सांगतं आणि दुसरं महिना. अ‍ॅपलच्या जुन्या बारा अक्षरी क्रमांकातही असा काळ वाचता यायचा. २०२१ पासून अ‍ॅपलने क्रमांक यादृच्छिक केले, त्यामुळे नव्या मॅकवर ही युक्ती चालत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपच्या खोक्यावर निर्मितीचा महिना आणि वर्ष छापणं वैधमापनाच्या नियमांनी बंधनकारक आहे, म्हणून खोकं फेकू नये. विंडोज दाखवतं त्या ‘ओरिजिनल इन्स्टॉल डेट’वर मात्र विसंबू नये. विंडोजची मोठी सुधारित आवृत्ती आली की ती तारीख बदलते, आणि तीन वर्षं वापरलेला लॅपटॉप कागदोपत्री गेल्या महिन्यातला दिसू लागतो.

आता खरेदीची तारीख. ऑनलाइन घेतला असेल तर अ‍ॅमेझॉन किंवा फ्लिपकार्टच्या जुन्या ऑर्डरींमधून बिल पुन्हा उतरवून घेता येतं. हप्त्यांवर घेतला असेल तर कर्जाच्या कागदांत तारीख असतेच. प्रश्न येतो दुकानातून घेतलेल्या लॅपटॉपचा, मग ते दुकान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचं असो की तालुक्याच्या बाजारपेठेतलं. ‘एवढं जुनं बिल कुठून काढू?’ असं दुकानदार म्हणतो आणि गिऱ्हाईक परत फिरतं. परत फिरू नये. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार नोंदणीकृत व्यापाऱ्याने आपले हिशेब त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरायच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे असतात. ऑगस्ट २०२२ मध्ये विकलेल्या लॅपटॉपचा हिशेब घ्या. ते आर्थिक वर्ष मार्च २०२३ ला संपलं, विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२३. म्हणजे त्या विक्रीची नोंद दुकानदाराकडे २०२९ च्या डिसेंबरअखेरपर्यंत असायलाच हवी. तीन वर्षांची वॉरंटीसुद्धा तोवर संपून जाते.

दुकानदाराचं कामही सोपं करावं. यूपीआय किंवा कार्डाचा व्यवहार बँकेच्या पासबुकात तारीख आणि रकमेसह असतो. नुसतं पासबुक सर्व्हिस सेंटरला पुरत नाही, कारण त्यावर सीरियल नंबर नसतो. पण तीच तारीख आणि रक्कम सांगितली की दुकानदाराला त्याच्या हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरमध्ये ते बिल मिनिटभरात सापडतं. दुय्यम प्रत मागताना त्यावर सीरियल नंबर आहे ना, हे पाहावं. नसेल तर लिहून शिक्का मारून घ्यावा.

‘बिलाशिवाय घेतलात तर दोन हजार कमी’ हे आमिष अनेकांनी ऐकलेलं असतं. बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवलेली आहे. त्या दोन हजारांच्या बदल्यात आपण नेमका तो कागद सोडून देतो, जो कंपनीची चुकीची तारीख दुरुस्त करू शकतो.

ही दुरुस्ती मोठ्या कंपन्या करून देतात. बिलाची स्वच्छ प्रत संकेतस्थळावरून किंवा ग्राहक सेवेमार्फत पाठवायची आणि वॉरंटीची सुरुवात बदलून मागायची. लॅपटॉप बिघडल्यावर हे करण्यापेक्षा खोकं उघडल्याच्या आठवड्यात करावं. वाढीव वॉरंटी घ्यायची असेल तर ती सहसा मूळ वॉरंटी संपण्याआधीच घेता येते, म्हणूनही ही तारीख बरोबर असलेली बरी. ग्राहक सेवेचा फोन नंबर गुगलवर शोधून लावू नये. तिथे ठगांचे नंबर पेरलेले असतात. तो कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. कंपनी दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि तिथे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

परदेशातल्या भावाने किंवा मुलीने आणलेल्या लॅपटॉपचं वेगळं. पुष्कळ लॅपटॉपची वॉरंटी विक्रीच्या देशापुरती असते. संकेतस्थळावर वॉरंटी चालू दिसते आणि इथलं सर्व्हिस सेंटर हात वर करतं. त्या पानावर देशाचं नावही असतं. तारखेआधी ते वाचावं.

जुना लॅपटॉप विकत घेणाऱ्याने तर पैसे मोजण्याआधी सीरियल नंबर मागून घ्यावा आणि विक्रेत्यासमोरच तपासावा. आयटी कंपन्यांतून बाहेर पडलेल्या लॅपटॉपवर कधीकधी तीन वर्षांची, घरी येऊन दुरुस्ती करण्याची वॉरंटी शिल्लक असते आणि विकणाऱ्यालाही ते ठाऊक नसतं. अशी वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर करून घेण्याची सोय डेलसारख्या कंपन्यांकडे आहे. क्रमांक पाठीवर एक आणि बायोसमध्ये दुसरा निघाला, तर बोर्ड कधी आणि कुठे बदलला ते विचारावं. त्याचं कागदी उत्तर मिळेपर्यंत पैसे देऊ नयेत.