दिवाणखान्यातील लिनक्स : खेळासाठीच्या संगणकाची उपयुक्तता – एक चिकित्सा

प्रस्तावना

दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळ खेळण्यासाठी यंत्र घ्यावयाचे झाल्यास ग्राहकापुढे दीर्घकाळ दोनच मार्ग होते. सोनी, मायक्रोसॉफ्ट अथवा निन्टेन्डो या कंपन्यांचे कन्सोल घ्यावे, किंवा विंडोज कार्यप्रणालीवर चालणारा वैयक्तिक संगणक दिवाणखान्यात आणून ठेवावा. अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने २०१३ साली तिसरा मार्ग पुढे आणला : लिनक्सवर आधारित, कन्सोलप्रमाणे सुटसुटीत आणि तरीही संगणकाप्रमाणे खुले असलेले 'स्टीम मशिन'. हा प्रयत्न एकदा अपयशी ठरला, आणि दहा वर्षांनी त्याच कंपनीने तेच नाव घेऊन नवे यंत्र जाहीर केले.

असे यंत्र विकत घेण्याजोगे आहे काय, हा प्रश्न वरकरणी बाजारातील खरेदीपुरता वाटतो. परंतु त्याच्या पोटात एक व्यापक प्रश्न दडलेला आहे. मुक्त स्रोत कार्यप्रणाली तज्ज्ञांच्या प्रयोगशाळेबाहेर, सामान्य कुटुंबाच्या बैठकीच्या खोलीत, कशाच्या बळावर टिकू शकते? प्रस्तुत लेखात या दोन्ही प्रश्नांचा एकत्रित विचार केला आहे.

पार्श्वभूमी

व्हॉल्व्हची स्थापना १९९६ मध्ये गेब न्यूवेल आणि माइक हॅरिंग्टन या मायक्रोसॉफ्टच्या दोन माजी कर्मचाऱ्यांनी केली. १९९८ मधील 'हाफ-लाइफ' या खेळाने कंपनीला नाव मिळवून दिले; परंतु तिचे आर्थिक सामर्थ्य २००३ मध्ये सुरू झालेल्या 'स्टीम' या विक्रीव्यवस्थेतून आले. इतर कंपन्यांचे खेळ इंटरनेटद्वारे विकावयाचे आणि प्रत्येक विक्रीतून हिस्सा घ्यावयाचा, असे या व्यवस्थेचे स्वरूप आहे. हा हिस्सा सर्वसाधारणपणे ३० टक्के असतो.

या व्यवसायाचा पाया मात्र परक्या जमिनीवर होता. स्टीमचे बहुसंख्य ग्राहक विंडोजवर खेळत असत. ऑक्टोबर २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ सोबत स्वतःचे विक्रीदालन कार्यप्रणालीतच आणले, आणि त्यातील धोका न्यूवेल यांनी त्याआधीच जाहीरपणे बोलून दाखविला होता. जमिनीच्या मालकानेच शेजारी दुकान थाटले, तर भाडेकरू दुकानदाराने काय करावे? व्हॉल्व्हने पर्यायी जमीन शोधली. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीमची लिनक्स आवृत्ती प्रसिद्ध झाली. सप्टेंबरमध्ये स्टीम ओएस ही कार्यप्रणाली, स्टीम मशिन आणि स्टीम कंट्रोलर यांची घोषणा झाली, आणि डिसेंबरमध्ये डेबियनवर आधारलेली स्टीम ओएसची चाचणी आवृत्ती खुली करण्यात आली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. लिनक्सची ही निवड तत्त्वनिष्ठेपेक्षा व्यावसायिक स्वसंरक्षणाच्या गरजेतून झाली. त्यामुळे तिचे मूल्य कमी होत नाही; मात्र ग्राहकाच्या हिताशी ती आपोआप जुळेल, असेही गृहीत धरता येत नाही.

२०१५ चे यंत्र का फसले?

यंत्रे स्वतः न बनविता ती डेलच्या एलियनवेअरसारख्या निर्मात्यांकडून बनवून घ्यावयाची, असे व्हॉल्व्हचे धोरण होते. कंट्रोलरच्या कामास विलंब झाल्याने विक्री लांबली. एलियनवेअरने नोव्हेंबर २०१४ मध्ये आपले यंत्र विंडोज घालूनच विकावयास काढले. प्रत्यक्ष स्टीम मशिन १० नोव्हेंबर २०१५ रोजी बाजारात आले. त्याच्या अपयशाची तीन कारणे दिसून येतात.

पहिले कारण खेळांच्या उपलब्धतेचे. त्या वेळी स्टीमवर लिनक्ससाठी सुमारे दीड हजार खेळ होते, ही संख्या लहान नव्हती. परंतु ग्राहक संख्या विकत घेत नाही. त्याला हवा असलेला खेळ विकत घेतो. योगायोग असा की, त्या वर्षी अत्यंत गाजलेला 'फॉलआउट ४' हा खेळ त्याच १० नोव्हेंबरला प्रकाशित झाला. तो विंडोज, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन यांच्यासाठी होता, लिनक्ससाठी नव्हता. नवे यंत्र घरी आणणाऱ्यास त्या दिवशी सर्वाधिक चर्चेतील खेळ त्यावर खेळता आला नाही.

दुसरे कारण वेगाचे. 'आर्स टेक्निका' या अमेरिकन नियतकालिकाने त्याच महिन्यात एकाच संगणकावर विंडोज १० आणि स्टीम ओएस यांची तुलना केली. ज्या खेळांची लिनक्स आवृत्ती उपलब्ध होती, त्यांतही स्टीम ओएसवर प्रतिसेकंद मिळणाऱ्या चित्रचौकटी २१ ते ५८ टक्क्यांनी कमी भरल्या. म्हणजे तेच यंत्र विंडोज घातल्यावर अधिक उपयोगी ठरत होते.

तिसरे कारण किमतीचे असून ते सर्वांत मूलभूत आहे. एलियनवेअरचे सर्वांत स्वस्त स्टीम मशिन ४४९ डॉलरला होते, तर प्लेस्टेशन ४ त्या सुमारास अमेरिकेत ३४९ डॉलरला मिळत होते. कन्सोलचा निर्माता यंत्रावर अल्प नफा अथवा प्रसंगी तोटाही सोसतो, कारण पुढे प्रत्येक खेळाच्या विक्रीतून त्याला वाटा मिळतो. स्टीम मशिनच्या बाबतीत खेळांच्या विक्रीचा वाटा व्हॉल्व्हकडे जात होता, तर यंत्राचा खर्च दुसऱ्याच्या माथी होता. यंत्र विकूनच नफा कमवावयाचा असलेल्या निर्मात्याकडून कन्सोलशी किमतीत स्पर्धा होणे शक्य नव्हते.

या तीन कारणांनी एक दुष्टचक्र तयार झाले. ग्राहक नाहीत म्हणून निर्माते लिनक्स आवृत्ती काढत नाहीत, आणि खेळ नाहीत म्हणून ग्राहक येत नाहीत. २०१८ मध्ये स्टीमच्या दालनाच्या मुख्य यादीतून स्टीम मशिनचा विभाग काढून टाकण्यात आला. तात्पर्य, २०१५ मध्ये हे यंत्र घेणारा ग्राहक अस्तित्वात न आलेल्या बाजारपेठेची किंमत मोजत होता. त्या काळापुरते 'घेऊ नये' हेच उत्तर योग्य होते.

प्रोटॉन : चक्र कोठे तुटले?

ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॉल्व्हने 'प्रोटॉन' ही प्रणाली प्रसिद्ध केली आणि प्रश्नाचे स्वरूपच पालटले. खेळाच्या निर्मात्यांनी लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती काढावी हा आग्रह सोडून, विंडोजसाठीचा खेळ जसाच्या तसा लिनक्सवर चालावा, अशी योजना झाली. तिचा पाया १९९३ पासून विकसित होत असलेला 'वाइन' हा मुक्त स्रोत प्रकल्प होय.

तिची कार्यपद्धती समजून घेणे आवश्यक आहे. मोडी लिपीतील मराठी दस्तऐवज बाळबोधीत उतरविताना भाषा तीच राहते, केवळ लिपी बदलते. परभाषेतून अनुवाद करण्याइतके श्रम त्यास पडत नाहीत. विंडोज आणि लिनक्स हे दोन्ही एकाच प्रकारच्या प्रोसेसरवर चालत असल्याने खेळातील मूळ सूचना प्रोसेसरला थेट कळतात. बदलावी लागते ती कार्यप्रणालीकडे केलेल्या मागण्यांची पद्धत. फाइल उघडणे, ध्वनी वाजविणे यांसारख्या मागण्या वाइन हाताळतो. चित्रे रेखाटण्यासाठी विंडोजवरील खेळ 'डायरेक्ट थ्री-डी' या मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेवर विसंबतात. तिच्या सूचना 'वल्कन' या खुल्या मानकात उतरविण्याचे काम 'डीएक्सव्हीके' करते. वल्कन हे मानक फेब्रुवारी २०१६ मध्ये, म्हणजे पहिल्या स्टीम मशिननंतर, प्रसिद्ध झाले. २०१५ मध्ये अशी व्यवस्था का उभी राहू शकली नाही, याचे एक कारण यात सापडते.

याचे फलित म्हणजे 'स्टीम डेक' हा हातात धरावयाचा संगणक. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो ३९९ डॉलरपासून ग्राहकांच्या हाती पडू लागला. या वेळी व्हॉल्व्हने यंत्र स्वतः विकले, त्यामुळे यंत्राचा खर्च आणि खेळांचा नफा एकाच हिशेबवहीत आले. २०२५ मध्ये लेनोवोच्या लिजन गो एस या यंत्रावर आर्स टेक्निकाने पुन्हा तुलना केली, तेव्हा बहुतेक खेळ विंडोजपेक्षा स्टीम ओएसवर अधिक वेगाने चालले. दहा वर्षांत तराजूचे पारडे दुसऱ्या बाजूस झुकले, असे म्हणता येईल.

नवे स्टीम मशिन : उरलेल्या मर्यादा

१२ नोव्हेंबर २०२५ रोजी व्हॉल्व्हने स्वतः तयार केलेल्या नव्या स्टीम मशिनची घोषणा केली. सुमारे सहा इंच बाजूच्या घनाकृती पेटीत एएमडीचा सहा गाभ्यांचा प्रोसेसर, १६ गिगाबाइट स्मृती आणि चित्रप्रक्रियेसाठी स्वतंत्र ८ गिगाबाइट स्मृती, असे त्याचे स्वरूप सांगण्यात आले. अनुकूलतेचा प्रश्न बराचसा सुटला असला, तरी तीन मर्यादा विचारात घ्याव्या लागतात.

पहिली मर्यादा फसवणूक-प्रतिबंधक आज्ञावल्यांची. अनेक स्पर्धात्मक खेळ विंडोजच्या अगदी गाभ्यात शिरून खेळाडू लबाडी करतो काय, हे तपासतात. लिनक्सच्या बाबतीत खेळाच्या निर्मात्याने वेगळी परवानगी दिल्याखेरीज असा खेळ चालत नाही, आणि 'फोर्टनाइट' व 'व्हॅलोरंट' यांच्या निर्मात्यांनी ती दिलेली नाही. इतकेच नव्हे, तर 'एपेक्स लेजेंड्स' हा आधी चालणारा खेळ ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्ससाठी बंद करण्यात आला. तांत्रिक अडचण अभियंते दूर करू शकतात. दुसऱ्याच्या व्यावसायिक निर्णयावर त्यांचा इलाज चालत नाही.

दुसरी मर्यादा थेट दूरचित्रवाणी संचाशी संबंधित आहे. एचडीएमआय २.१ या जोडणीसाठी एएमडीने तयार केलेल्या मुक्त स्रोत आज्ञावलीस त्या मानकाच्या नियामक मंडळाने २०२४ मध्ये नकार दिला. नव्या स्टीम मशिनच्या वैशिष्ट्यांत एचडीएमआय २.० चीच नोंद होती. ज्यांच्या घरी उच्च वेगाचा नवा संच आहे, त्यांच्या दृष्टीने ही उणीव क्षुल्लक नाही.

तिसरी मर्यादा पुन्हा किमतीची. घोषणेच्या वेळी किंमत सांगितली गेली नाही. मात्र कन्सोलप्रमाणे तोटा सोसून ती ठरविली जाणार नाही, समान क्षमतेच्या संगणकाच्या जवळपास असेल, असे कंपनीच्या प्रतिनिधींनी स्पष्ट केले. यामागील तर्क महत्त्वाचा आहे. कोणतीही कार्यप्रणाली घालता येणारे यंत्र तोट्यात विकल्यास ते कार्यालयेही खरेदी करतील आणि एकही खेळ विकत घेणार नाहीत. हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. प्लेस्टेशन ३ वर आरंभी लिनक्स घालता येत असे. अमेरिकन हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने असे सतराशेहून अधिक कन्सोल जोडून २०१० मध्ये महासंगणक उभा केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सोनीने सुरक्षेचे कारण देऊन ती सोय काढून टाकली. थोडक्यात, खुलेपणा आणि सवलतीची किंमत यांचे सहसा जमत नाही. कन्सोलचा ग्राहक कमी पैसे देऊन बंधन स्वीकारतो, तर खुल्या यंत्राचा ग्राहक स्वातंत्र्याची किंमत आरंभीच रोख चुकती करतो.

खरेदीचे निकष

वरील विवेचनावरून काही निकष मांडता येतात.

(१) कुटुंबात प्रत्यक्ष खेळले जाणारे पाच-सहा खेळ आधी लिहून काढावेत आणि ते लिनक्सवर चालतात काय, हे पाहावे. स्पर्धात्मक बहुखेळाडू खेळच प्रमुख असतील, तर हे यंत्र घेऊ नये.

(२) स्टीमवर आधीच बरेच खेळ विकत घेतलेले असतील, तर यंत्राची किंमत अधिक असूनही एकूण हिशेब लाभाचा ठरू शकतो. कारण तेच खेळ पुन्हा विकत घ्यावे लागत नाहीत. एकही खेळ संग्रही नसलेल्यास कन्सोल सोयीचे पडण्याचा संभव अधिक.

(३) खेळाखेरीज लेखन, प्रोग्रामिंग अथवा शिक्षण यांसाठी तेच यंत्र वापरावयाचे असल्यास कन्सोलशी तुलना अपुरी ठरते. येथे दोन यंत्रांचा खर्च एकात भागतो.

(४) दुरुस्ती व हमी यांची सोय आपल्या देशात आहे काय, हे तपासावे. स्टीम डेकच्या अधिकृत विक्रीच्या देशांत २०२५ अखेर भारताचा समावेश नव्हता. परदेशातून आणलेल्या यंत्राची हमी येथे कामास येत नाही, हा खर्च किमतीच्या चिठ्ठीवर दिसत नसला तरी खराच असतो. आपल्याकडील जिज्ञासूंसाठी अधिक व्यवहार्य मार्ग असा की, घरातील जुन्या संगणकावर फेडोराधारित 'बॅझाइट' यासारखी मोफत कार्यप्रणाली घालून अनुभव घ्यावा. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य ऑक्टोबर २०२५ मध्ये संपल्यानंतर या मार्गास विशेष महत्त्व आले आहे.

समारोप

लिनक्सवर आधारित दिवाणखान्यातील संगणक २०१५ मध्ये घेण्याजोगा नव्हता. आज तो एका मर्यादित परंतु निश्चित वर्गासाठी घेण्याजोगा ठरू शकतो : ज्याच्याजवळ खेळांचा संग्रह आहे, ज्याला एकट्याने खेळावयाच्या खेळांची आवड आहे आणि ज्याला यंत्रावर आपला ताबा हवा आहे. इतरांनी केवळ मुक्त स्रोताच्या आकर्षणापोटी तो घेऊ नये. कारण येथे मुक्तता पायाशी आहे, दुकानात नाही. कार्यप्रणाली खुली असली तरी खेळ मात्र एका खासगी कंपनीच्या दालनातून, तिच्या परवान्याच्या अटींवरच मिळतात.

या इतिहासातील बोध खेळापुरता मर्यादित नाही. लिनक्सला दिवाणखान्यात प्रवेश मिळाला तो स्वतःच्या श्रेष्ठत्वाच्या घोषणेमुळे नव्हे, तर लोक ज्या आज्ञावल्या आधीपासून वापरत होते त्या त्याने निमूटपणे चालवून दाखविल्या म्हणून. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टीमच्या वापरकर्त्यांत लिनक्सचे प्रमाण प्रथमच तीन टक्क्यांच्या वर गेले. आकडा लहान आहे, पण त्यामागे पंचवीस वर्षांहून अधिक काळ वाइनसारख्या प्रकल्पात राबलेल्या स्वयंसेवकांचे श्रम आहेत. आपल्या महाविद्यालयांतील प्रयोगशाळांत मुक्त स्रोताचा पुरस्कार करताना हीच कसोटी लावावयास हवी. विद्यार्थ्याचे आणि शिक्षकाचे रोजचे काम त्यावर अडखळल्याशिवाय होते काय, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी येईपर्यंत केवळ आवाहनांनी फारसे साधणार नाही; आणि ते होकारार्थी आले, की आवाहनाची गरजही फारशी उरणार नाही.