क्यूच्या टोकावरचे कातडे

आपल्या वार्षिकांकात दरवर्षी संतसाहित्यावर, सहलीवर आणि ‘तरुण पिढी व बेशिस्त’ या विषयावर लेख येतात. यंदा स्नूकरच्या काठीवर कोणी लेख लिहिला, हे पाहून आमच्या प्राध्यापकांच्या भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. पार्लरमध्ये जाणारा मुलगा म्हणजे वाया गेलेला, असा आपल्याकडे समज आहे. तो खरा की खोटा, हा वाद येथे नको. मला सांगायचे आहे ते काठीविषयीही नाही. काठीच्या टोकावर बसवलेल्या, नखाएवढ्या कातड्याच्या चकतीविषयी आहे. तिला टिप म्हणतात.

हा खेळ परका वाटला तरी त्याची एक शाखा आपल्याच देशात जन्मली. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत चेंडू मांडले आणि स्नूकर सुरू झाले. पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम लागले. आपले नगरही छावणीचे गाव. महाराष्ट्राने तर या खेळाला मोठी माणसे दिली. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. १९६४ साली त्यांनी ते पद पुन्हा मिळवले. मुंबईच्या मायकेल फरेरा यांनी १९७७, १९८१ आणि १९८३ साली हाच मान मिळवला. पंकज अडवाणी यांचाही जन्म पुण्याचा.

पण या सर्वांच्या कौशल्याच्या मुळाशी ती चकती आहे. पूर्वी क्यूचे टोक नुसत्या लाकडाचे असे. चेंडूच्या मध्यापासून जरा बाजूला मारले की काठी घसरे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सुआ मँगो नावाच्या फ्रेंच सैनिकाने टोकावर कातडे बसवले आणि चेंडूला हवी तशी फिरकी देता येऊ लागली. चेंडू पुढे जाऊन परत फिरतो, कडेला लागून वळतो, ही सारी करामत त्या कातड्याची.

असे का होते? स्नूकरच्या चेंडूचा व्यास ५२.५ मिलिमीटर असतो. टिप आणि चेंडू यांचा स्पर्श साधारण एक सहस्रांश सेकंदच टिकतो. तेवढ्या वेळात कातड्याने चेंडूला धरले पाहिजे. कातडे किंचित दबते, खडूचे कण चेंडूत आणि कातड्यात रुततात आणि पकड बसते. चांगल्या टिपेने चेंडूच्या मध्यापासून त्रिज्येच्या सुमारे निम्म्यापर्यंत, म्हणजे १३ मिलिमीटरपर्यंत, बाजूला मारता येते. त्यापलीकडे कोणाचीही काठी घसरते. टिप खराब असेल तर मात्र ती मध्याजवळही घसरते. या घसरण्याला खेळाडू ‘मिसक्यू’ म्हणतात. जाता जाता सांगतो, हा खडू फळ्यावरचा नव्हे. त्यात सिलिका आणि कुरुंदासारखे कठीण कण असतात.

हे ज्ञान मला पुस्तकातून झाले नाही. गेल्या वर्षी सावेडीतल्या एका पार्लरमध्ये छोटी स्पर्धा होती. उपान्त्य सामन्यात शेवटचा काळा चेंडू भोकाच्या तोंडाशी होता. पांढऱ्याला खालून मारून मागे आणायचे, एवढेच काम. मी मारले आणि ‘टक्’ असा कोरडा आवाज झाला. पांढरा चेंडू तिरका सुटला आणि काळ्याला न शिवता भोकात गेला. मंडळी हसली. मी क्यूला दोष दिला आणि नवी क्यू घेण्यासाठी पैसे हवेत, असे त्या रात्री घरी सांगितले.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. माझे वडील माळीवाड्याजवळ चपला-बूट दुरुस्त करतात. पार्लरमध्ये कोणी विचारले तर मी ‘आमचे चपलांचे दुकान आहे’ असे सांगत असे. ते अगदी खोटे नव्हते. पण दुकान म्हणजे ताडपत्रीखालची चार फूट जागा, हे मी सांगत नसे.

आबांनी क्यू हातात घेतली, टोकावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “काठीला काय झालंय? कातडं मेलंय हे.”

टिप काचेसारखी चकाकत होती. सतत ठोके बसून तंतू दबले होते, वर खडूचा थर बसला होता, आणि नवा खडू त्यावर ठरत नव्हता. शिवाय कड बाहेर फुगून अळंबीच्या छत्रीसारखी पसरली होती. मी वर्षभर त्या क्यूने खेळत होतो आणि एकदाही टोकाकडे नीट पाहिले नव्हते.

आबांनी आधी स्वतःजवळच्या जाड तळाच्या कातड्याची चकती कापून बसवली. ती साफ फसली. तळाचे कातडे झाडांच्या सालींनी कमावलेले, टणक, झिजू नये म्हणून केलेले. चेंडू त्यावरून दगडावरून सटकावा तसा सटकला. टिपेसाठी बहुधा क्रोम क्षारांनी कमावलेले लवचीक कातडे वापरतात. त्या कमावणीने कातड्याला निळसर छटा येते. काही महागड्या टिपा डुकराच्या कातड्याचे पातळ थर एकमेकांवर चिकटवून करतात. मी पार्लरमधून एक साधी टिप आणली. एका नाष्ट्याच्या पैशांत ती आली. आबांनी ती बोटांत दाबून पाहिली आणि म्हणाले, “हां, हिच्यात जीव आहे.”

मग त्यांनी केलेले काम मी पायरीपायरीने सांगतो, म्हणजे वाचकांपैकी कोणाला करता येईल.

प्रथम जुनी टिप पात्याने काढावी. क्यूच्या टोकाला पितळी शेंबी असते. तिच्यावरचा जुना गोंद खरवडून माथा अगदी सपाट करावा. काचेच्या तुकड्यावर क्यू उभी टेकवून उजेडाकडे पाहिले की फट असल्यास दिसते. नव्या टिपेची खालची बाजू सपाट पाटीवर काचकागद ठेवून घासावी. गुळगुळीत पृष्ठावर काहीच चिकटत नाही. टिप शेंबीपेक्षा किंचित मोठी घ्यावी. शेंबी साडेनऊ मिलिमीटरची असेल तर टिप दहाची.

चिकटवायला आबांनी आपले नेहमीचे सोल्यूशन वापरले. दोन्ही बाजूंना पातळ थर द्यायचा, बोटाला लागेनासा होईपर्यंत थांबायचे, मगच दाबायचे. घाई केली तर सांधा सुटतो. मी लगेच खेळायला निघालो तेव्हा त्यांनी क्यू काढून घेतली आणि रात्रभर कोपऱ्यात ठेवली.

सकाळी क्यू उलटी धरून टिप लाकडी फळीवर टेकवली आणि रापीने शेंबीच्या कडेलगत वरून खाली फळीपर्यंत बाहेर आलेले कातडे कापले. रापी बोथट असेल तर कातडे कापले न जाता ओढले जाते, म्हणून आधी दगडावर धार काढली. राहिलेली कड बारीक काचकागदाने शेंबीबरोबर आणावी. लाकडाला मात्र कागद लावू नये, क्यूचे टोक बारीक होते. मग कडेला थोडे पाणी लावून कापडाने जोरात घासावे. ती कडक आणि चकचकीत होते, आणि टिप लवकर फुगत नाही.

शेवटी माथ्याचा घुमट. सध्याचे एक रुपयाचे नाणे सुमारे २० मिलिमीटर व्यासाचे आहे. त्याच्या कडेची जी गोलाई, साधारण तीच टिपेच्या माथ्याला हवी. सपाट टिप बाजूला मारताना कडेवर आदळते आणि घसरते. कानस मध्यापासून कडेकडे, म्हणजे शेंबीच्या दिशेने चालवावी आणि क्यू फिरवत राहावी. उलट चालवली तर तंतू उचकटून कड फाटते. पुढे आठवड्यातून एकदा माथा तपासावा. चकाकी आली असेल तरच हलके खरबरीत करावे. रोज घासणाऱ्याची टिप महिन्यात संपते. कातडे दोन मिलिमीटरच्या आसपास उरले की नवी बसवावी. आबांनी सगळ्याचे सार सांगितले, “बाजू गुळगुळीत, माथा खरबरीत. चपलेच्या उलटं नाही आणि सुलटंही नाही.”

नवी टिप पहिल्या काही डावांत दबते आणि तिचा आकार थोडा बदलतो, म्हणून ती पुन्हा एकदा कानसावी लागली. हे मी स्वतः केले. आबांनी जवळ बसून पाहिले. दोनदा माझा हात धरला, तिसऱ्यांदा धरला नाही.

पार्लरमधले वयस्कर मार्कर टिपांचे काम नेहमी स्वतः करतात. त्यांनी माझी क्यू उचलली, कडेवरून बोट फिरवले आणि विचारले, “ही कड कोणी कापली? पात्याची नाही ही.”

चार मुले उभी होती. मी म्हणालो, “रापीची आहे. माझे वडील माळीवाड्यात चपला शिवतात.”

मार्कर एवढेच म्हणाले, “मग माझ्या तीन क्यू त्यांच्याकडे घेऊन जा.”

त्या तीन क्यू मी सायकलवर बांधून नेल्या. त्या दिवशी आबांच्या शेजारी बसून मी प्रथमच भर दुपारी, रस्त्याकडे तोंड करून काम केले. ओळखीची दोन मुले जाताना थांबली. एकाने चपलेचा तुटलेला अंगठा पुढे केला. तो आबांनी शिवला. टिपेची कड मी घासत होतो.