पडद्यावरील धावणे आणि घर्षणाचे गणित

कॅरम आपणांपैकी बहुतेकजण केव्हा ना केव्हा खेळलेच असतील. पाटावर पावडर नसली की स्ट्रायकर अर्ध्या वाटेत अडखळतो. बेताची टाकली की तोच स्ट्रायकर बोटाचा आज्ञाधारक होतो. आणि उत्साहाच्या भरात अधिक पडली, तर तो कुणाचेच ऐकत नाही. बोटाचा जोर तिन्ही वेळा सारखाच असतो, बदलते ते घर्षण. संगणकावरील जुन्या बंदुकीच्या खेळांत धावण्याची जी गोडी लोकांना तीस वर्षे धरून आहे, तिचे मूळ या पावडरीतच सापडते. असले खेळ मुलांच्या हाती द्यावेत की नाही, हा वाद मी आज बाजूला ठेवतो. तो आमच्या पालकसभेत दरवर्षी होतोच.

मला या विषयाकडे वळवले ते नववीच्या एका विद्यार्थ्याने. न्यूटनचा पहिला नियम शिकवीत असताना त्याने विचारले, ‘‘सर, क्वेकमध्ये उड्या मारत आणि वळत वळत गेले की वेग वाढत जातो. हवेत जोर कोण लावतो?’’ मी म्हणालो, ‘‘अरे, तो खेळ आहे, तिथे सगळे खोटेच असते,’’ आणि फळ्याकडे वळलो. मुलगा मुकाट्याने खाली बसला. त्याचे ते बसणे मला बरेच दिवस टोचत राहिले. कॉलेजात असताना बेळगावच्या एका सायबर कॅफेत हाच खेळ मी स्वतः तासन्‌तास खेळलो होतो आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

प्रथम डूम हा खेळ घेऊ. टेक्सासमधील इड सॉफ्टवेअर या कंपनीने तो डिसेंबर 1993 मध्ये काढला. त्यात धावणारा माणूस दिसत नाही. दिसतो तो त्याच्या डोळ्यांपुढचा देखावा. मग धावल्याचा भास कशाने होतो? संगणक सेकंदाला 35 वेळा हिशेब करतो. कळ दाबलेली असेल तर वेगात ठराविक भर घालतो आणि लगेच एकूण वेगाला 0.90625 ने गुणतो, म्हणजे दशांशाहून किंचित कमी वेग कापून घेतो. हेच तिथले घर्षण. वेग वाढेल तशी कपातही वाढते आणि अखेर जमा व वजावट समान झाली की वेग स्थिरावतो. कळ सोडली तरी माणूस जागच्या जागी थिजत नाही. सात हिशेबांत, म्हणजे सुमारे एक पंचमांश सेकंदात, वेग निम्मा होतो; तेवढ्या अवधीत तो घसरतच असतो. बटण बंद केल्यावर पंखा फिरत राहतो, तसे. माझ्या मते त्या अदृश्य देहाला वजन येते ते चित्रामुळे नव्हे, या घसरण्यामुळे येते.

त्यात एक गंमत आहे. पुढे पळण्याचा जोर 50 आणि बाजूला सरकण्याचा 40. दोन्ही कळा एकदम दाबल्या तर माणूस तिरका जातो, आणि त्याचा जोर पायथागोरसच्या कर्णाप्रमाणे 64 होतो. सरळ पळण्यापेक्षा तिरके पळणे अठ्ठावीस टक्क्यांनी जलद! प्रमेय रुक्ष आहे असे म्हणणाऱ्या मुलांना मी आता हे उदाहरण देतो.

जून 1996 मध्ये त्याच कंपनीचा क्वेक आला आणि त्यात उडी आली. घर्षण फक्त पाय जमिनीला टेकले असताना लागू होते, हवेत मुळीच नाही. एक उडी जवळजवळ दोन तृतीयांश सेकंदाची असते. पाय टेकताक्षणी पुन्हा उडी घेतली, तर घर्षणाला कपात करण्यास सवडच मिळत नाही. इथवर न्यूटनची हरकत नाही. वेग टिकला, इतकेच. पण तो वाढतो कसा?

त्याचे कारण मर्यादा तपासण्याच्या रीतीत आहे. जमिनीवर धावण्याची मर्यादा 320 एकके. परंतु संगणक एकूण वेग तपासतच नाही. कळ ज्या दिशेला नेऊ पाहते, त्या दिशेला वेगाचा किती भाग आहे, तेवढेच तो पाहतो. हवेत ही मर्यादा अवघी 30. सरळ जाणाऱ्याने पुढची कळ दाबली तर त्याला काही मिळत नाही, कारण त्या दिशेला तो आधीच 320 ने चालला आहे. पण तो आडवी कळ दाबतो, तेव्हा आडव्या दिशेला त्याचा वेग शून्य भरतो. संगणकाला वाटते, हा तर उभाच आहे, आणि तो 30 देऊन टाकतो. 320 आणि 30 यांचा कर्ण 321 हून थोडा अधिक. लाभ क्षुल्लक खरा, पण खेळाडू त्याच सुमारास नजर वळवीत राहिला तर तो सेकंदाला कित्येक वेळा मिळतो. हवेत जोर लावतो तो हा कारकून, प्रत्येक खाते वेगळे तपासणारा आणि बेरीज कधीच न करणारा.

या चुकीचे फळ आकड्यांत दिसते. 1997 मध्ये काही खेळाडूंनी मिळून संपूर्ण क्वेक सर्वांत कठीण पातळीवर 19 मिनिटे 49 सेकंदांत संपवला. 2000 मध्ये तोच खेळ 12 मिनिटे 23 सेकंदांत झाला, आणि त्यात या उड्यांचा वाटा मोठा होता. पुढे डीफ्रॅग नावाची एक जोडणी निघाली. तिच्यात मारायला शत्रूच नाही. फक्त धावायचे, वळायचे आणि वेळ मोजायची.

मूळ प्रोग्रॅम लिहिणारे जॉन कारमॅक यांना ही चूक ठाऊक होती आणि ती त्यांना आवडतही नव्हती. डिसेंबर 1999 मध्ये बाजारात आलेल्या तिसऱ्या क्वेकच्या वेळी त्यांनी ती काढून पाहिली. पण दुरुस्तीने साधे, जमिनीवरचे धावणेही बिघडले. तेव्हा त्यांनी चूक परत ठेवली. वहीत तांबडी शाई फिरवण्यात ज्याची वीस वर्षे गेली, त्या माझ्यासारख्याला हे पचायला जड गेले, हे कबूल करतो.

2005 मध्ये त्या खेळाचा मूळ प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला झाला. नववीतल्या त्या मुलाला मधल्या सुट्टीत बोलावून मी तो संगणकाच्या खोलीत दाखवला. वेग वाढवणाऱ्या भागात दोन रीती एकाखाली एक लिहिलेल्या आहेत. वरची सदोष, ती चालू. खालची निर्दोष, ती बंद. खालचीपाशी, ही रीत योग्य आहे पण हाताला बरी लागत नाही, अशा अर्थाची टीप आहे. मुलाने ती दोनदा वाचली आणि विचारले, ‘‘सर, घरी ही चालू करून बघू का?’’