बिडी सोडायला गेले आणि उपचारच सुटले

आजचा भाग काशीहून, भोसले घाटावरून. घाट नागपूरकर भोसल्यांचा. काशीला आलं की काहीतरी कायमचं सोडायचं, ही आपल्याकडच्या बऱ्याच घरांतली रीत. बहुतेक जण एखादं फळ किंवा भाजी सोडतात, तीही नावडती! काही जण मात्र बिडी-सिगारेट सोडतात.

माझ्या पलटणीतल्या एका सुभेदारसाहेबांनी गंगेत उभं राहून बिडी सोडली. गावी परतून डॉक्टरांकडे उपचारही सुरू केले. तिसऱ्या आठवड्यात एका लग्नात एक बिडी ओढली गेली आणि दवाखान्याची वाट बंद झाली. मी विचारलं, तर म्हणाले, "साहेब, शब्द मोडला. आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

इच्छा कमी पडते असं मला वाटत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत धूम्रपान करणाऱ्यांपैकी ३८.५ टक्के लोकांनी आधीच्या १२ महिन्यांत सोडण्याचा प्रयत्न केला होता. घोटाळा असा, की आपण उपचाराला नवस समजतो. नवस एकदा मोडला की संपला. डॉक्टरांना मात्र ती एक बिडी कामाची माहिती असते: कधी ओढली, कुणासोबत, औषध कमी पडतंय का. ताप उलटला तर आपण पुन्हा दवाखान्यात जातो. बिडी उलटली की तोंड लपवतो.

दुसरं कारण शरीराचं. निकोटिन बंद झालं की पहिले तीन दिवस सर्वांत वाईट. चिडचिड, झोप उडणं, सारखी भूक, बद्धकोष्ठ. तीन-चार आठवड्यांत हे बरंचसं ओसरतं. पण माणूस दोष देतो औषधाला, आणि तेच थांबवतो. बुप्रोपिऑनची गोळी तर सिगारेट सोडण्याच्या एक-दोन आठवडे आधी सुरू करतात. चार दिवसांत गुण दिसला नाही की ती कपाटात जाते.

निकोटिनच्या च्युइंगगमचं तर विचारूच नका. बनारस असो की विदर्भ, पान-खर्रा खाणारा माणूस तो गमही तसाच कचाकचा चावतो. मग उचकी, मळमळ, घशात जळजळ, आणि "मला सोसत नाही". तो हळू चावायचा, तिखटसर चव आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचा, चव गेली की पुन्हा चावायचा. असा अर्धा तास. आधी १५ मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. एवढं दाखवायला दोन मिनिटं लागतात, पण गर्दीच्या दवाखान्यात तीही मिळत नाहीत.

काही जण याच्या उलट. महिन्याभरात बरं वाटलं की औषध बंद. खरं तर ते बहुधा १२ आठवड्यांचं असतं. रोजंदारीवाल्याला तर प्रत्येक फेरीला खाडा पडतो.

त्याच्यासाठी फोन आहे. १८००-११२-३५६, तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय क्रमांक, फुकट. मध्येच बिडी ओढली असेल तरी लावा, आणि ओढली हे पहिल्याच वाक्यात सांगा.