वर्षाऋतूत विजयापत्राची साठवण

परवान्याने विजया मिळविणे जिकिरीचे खरे. परंतु ती आषाढ-श्रावणातून सुखरूप निभावून नेणे त्याहूनही कठीण, असा कोकणपट्टीतील व्यवसायबंधूंचा अनुभव असेल. कॅनडात २०१८ पासून भांगेच्या लागवडीस कायद्याने मुभा आहे. तेथे बंदिस्त जागेत लागवड करणारे फुलोऱ्याच्या काळात हवेतील आर्द्रता कटाक्षाने कमी ठेवतात, कारण दाट तुऱ्यांत अडकलेला ओलावा बुरशीस पोषक ठरतो. आपला संबंध केवळ वाळलेल्या पानाशी आहे. शत्रू मात्र तोच.

वाळलेले पान भोवतालच्या हवेशी सतत देवाणघेवाण करीत असते. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आत असेल तर बुरशी सहसा वाढत नाही. किनारपट्टीवर जुलैत ती अनेकदा ८५ टक्क्यांच्या वर असते. गोणपाटात किंवा कागदी पुड्यात ठेवलेले पान अशा हवेत काही दिवसांतच मऊ पडते.

खरा धोका मात्र शोधनात आहे. आपण विजया पाणी निवळ येईपर्यंत धुतो, वाळवितो आणि नंतर गोघृतात परततो. म्हणजे कोरड्या द्रव्यात आपणच पाणी घालतो! काही वर्षांपूर्वी मी हे काम ऐन जुलैत केले. पान हाताला कोरडे लागले, म्हणून परतून जातीफलादि चूर्णात घातले. तिसऱ्या आठवड्यात बरणी उघडताच कुबट वास आला. ग्रहणीच्या एका रुग्णास त्यातील पुड्या अगोदरच दिल्या होत्या. त्यास बोलावून त्या परत घेतल्या. सुदैवाने त्यास अपाय झाला नव्हता. तेव्हापासून शोधन वैशाखातच उरकतो. हाताच्या अंदाजावरही विसंबत नाही. १० ग्रॅम पान १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत तापवितो. घट १ ग्रॅमहून अधिक आल्यास उरलेला साठा पुन्हा वाळत घालतो.

आर्द्रतामापक स्वस्त मिळतो, पण खोटाही निघतो. वाटीत मीठ घेऊन ते ओल्या वाळूसारखे होईल इतपत पाणी घालावे व वाटी मापकासह बंद डब्यात आठ-दहा तास ठेवावी. काटा ७५ टक्क्यांच्या आसपास यावा. फरक पडल्यास तेवढा वजा-अधिक करून वाचावे.

घट्ट झाकणाच्या गडद काचेच्या बरणीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. निळ्या रंगाचे खडे कोबाल्टयुक्त असतात, ते औषधाजवळ नकोत. वातानुकूलित खोलीतील गार बरणी बाहेर आणून लगेच उघडू नये. आतील गार पानावर दव धरते. बरणी खोलीच्या तापमानास आली की मगच झाकण काढावे. जातीफलादि चूर्णात शर्करा असल्याने त्याचे गोळे लवकर होतात. ते पावसाळ्यात लागेल तेवढेच करावे. शार्ङ्गधरांनी चूर्णास दोनच महिन्यांची मर्यादा घातली आहे.

बुरशी लागलेले पान उन्हात घालून किंवा तुपात परतून सुधारेल, अशी समजूत आपल्यापैकी काहींची आहे. बुरशी मरते, पण अफ्लाटॉक्सिनसारखे विष तेवढ्या उष्णतेने नष्ट होत नाही. असे पान टाकूनच द्यावे आणि परवान्याच्या नोंदवहीत त्याचे वजन व कारण त्याच दिवशी लिहावे.